खोबरेल तेल: डोक्याला किती, अंगाला किती आणि ताटात किती

नाशिककडच्या बहुतेक घरांत खोबरेल तेलाची बाटली आरशाजवळच्या फळीवर असते आणि स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं नाहीतर सोयाबीन-सूर्यफुलाचं तेल. गेल्या काही वर्षांत आरशाजवळची ही बाटली ओट्यावर आली आहे. कुणी सकाळी उपाशीपोटी चमचाभर पितं, कुणी कॉफीत घालतं, कुणी घरातलं सगळं तेल बदलून टाकतं. केसांसाठी आणि कोरड्या त्वचेसाठी हे तेल खरोखर गुणाचं आहे. पोटात मात्र ते चवीपुरतंच जावं, आणि तेही दुसरं एखादं तेल किंवा तूप कमी करून. या दोन वापरांची गल्लत झाली की नुकसान होतं, म्हणून खाली दोन्हींची मापं दिली आहेत.

बाटली घेताना

आधी लेबल वाचा. खाण्याच्या तेलावर ‘खाद्य तेल’ असा उल्लेख, हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक असतो. ‘केश तेल’ किंवा ‘हेअर ऑइल’ लिहिलेलं तेल खायचं नाही; त्यात सुगंध आणि पुष्कळदा लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल, असतं. बाटली लहान म्हणजे केसांची, असंही समजू नका. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेल तेलही करासाठी खाद्यतेलच धरलं, मात्र ते केश तेल म्हणून विकलं जात नसेल तर. म्हणजे शेवटी लेबलवर काय छापलं आहे तेच पाहायचं.

‘व्हर्जिन’ तेल ओल्या खोबऱ्यापासून किंवा नारळाच्या दुधापासून काढतात. त्याला नारळाचा वास असतो. घाण्याचं तेल सुक्या खोबऱ्याचं, वास त्याहून उग्र. रिफाइंड तेलाला वास जवळजवळ नसतोच. चव, वास आणि थोडीफार इतर द्रव्यं यांत तिन्हींमध्ये फरक आहे, पण स्निग्धाम्लं (फॅटी अ‍ॅसिड्स) तीच. ‘व्हर्जिन आहे, म्हणून कितीही खा’ या सल्ल्याला काही आधार नाही.

लाकडी घाण्यावरून तेल घेत असाल तर खोबरं स्वतः बघा. वाटी मोडताना कट्‌ असा आवाज यायला हवा. ती वाकली, चिवट लागली, तर ओल शिल्लक आहे. गाळपाच्या खोबऱ्यात ६ टक्क्यांहून जास्त ओलावा नको. आतल्या बाजूला काळे-हिरवे डाग किंवा पिवळट बुरशी असेल तर ती वाटी बाजूला काढा. बुरशीच्या खोबऱ्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकतं आणि घाण्याचं तेल शुद्धीकरणातून जात नसल्याने ते तेलात उतरतं. उलट खोबरं पांढरंफेक, खडूसारखं दिसत असेल तर त्याला गंधकाची धुरी दिली असण्याची शक्यता आहे.

भावावरूनही बरंच कळतं. लाकडी घाण्यावर १ किलो तेलाला साधारण पावणेदोन ते दोन किलो सुकं खोबरं लागतं. मोठ्या गिरणीतही दीड किलोच्या खाली जमत नाही. बाजारात खोबऱ्याचा आजचा किलोचा भाव विचारा आणि त्याला पावणेदोनने गुणा. त्याहून स्वस्तात कुणी ‘शुद्ध घाण्याचं’ तेल देत असेल तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

घरची परीक्षा सोपी आहे. पारदर्शक काचेच्या पेल्यात दोन बोटं तेल घ्या आणि फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. शुद्ध तेल सगळीकडून सारखं पांढरं गोठतं. वर किंवा कडेला पातळ, पारदर्शक थर राहिला तर दुसरं तेल किंवा पॅराफिन मिसळलेलं आहे. या परीक्षेला एक मर्यादा आहे. पाम कर्नेल तेलही (पामच्या बीच्या गराचं तेल) असंच गोठतं, त्यामुळे ती भेसळ फ्रिजमध्ये पकडता येत नाही, प्रयोगशाळेतच कळते.

घाण्यावर स्वतःचं खोबरं गाळून घ्यायचं असेल तर

मार्च ते मे हा नाशिकमध्ये उत्तम काळ. खोबऱ्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून गच्चीवर मलमलखाली दोन दिवस कडक ऊन द्या आणि लगेच घाण्यावर न्या. पावसाळ्यात गाळू नका. हवेतली ओल खोबरं शोषून घेतं आणि तेल महिन्या-दीड महिन्यात खवट होतं. काही ठिकाणी गाळप नीट सुटावं म्हणून घाण्यात पाण्याचा शिपका देतात. तसं नको असेल तर आधीच सांगा.

घाण्यातून आलेलं तेल गढूळ असतं. ते कोरड्या स्टीलच्या डब्यात तीन-चार दिवस हलवल्याशिवाय निवळू द्या. थंडीत गोठत असेल तर डबा घराच्या उबदार कोपऱ्यात ठेवा, नाहीतर गाळ मधेच अडकतो. वरचं तेल अलगद ओता, दुहेरी मलमलीतून गाळा. तळाचं गढूळ तेल बाटलीत घालायचा मोह आवरा. त्यात खोबऱ्याचे कण आणि पाणी असतं आणि तेवढ्यावरून सगळी बाटली बिघडते. ते वेगळं ठेवून आठवड्याभरात डोक्याला लावून संपवा.

नारळ साठले असतील तर

नवरात्रात, श्रावणात किंवा वणीहून, त्र्यंबकेश्वरहून परतल्यावर घरात पाच-सहा नारळ साठतात. बर्फी-वड्या करून झाल्यावर उरलेल्यांचं तेल काढता येतं. सहा मध्यम नारळांतून साधारण २५० ते ३५० मिली निघतं. विकतच्यापेक्षा स्वस्त पडेल म्हणून करू नका. वासासाठी आणि चवीसाठी करा.

१. नारळ फोडल्याबरोबर वास घ्या. एक जरी खवट असेल तरी तो वापरू नका, सगळ्या तेलाला तो वास लागतो.

२. खवून, तीन कप कोमट पाणी घालून मिक्सरमध्ये वाटा. सुती कापडातून घट्ट पिळा. चोथ्यात दोन कप कोमट पाणी घालून दुसरं दूध काढा आणि दोन्ही एकत्र करा.

३. हे दूध झाकून फ्रिजमध्ये सहा-सात तास ठेवा. वर जाड पांढरा थर घट्ट होतो. तो झाऱ्याने उचला, खालचं पाणी टाकून द्या. उन्हाळ्यात बाहेर २४ तास ठेवून आंबवूनही थर सुटतो, पण थंडीत नाशिकच्या हवेत तो नीट सुटत नाही आणि दूध नुसतं आंबूस होतं.

४. थर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवा. आधी तो वितळेल, मग पाण्याचे मोठे बुडबुडे, मग बारीक चरचर. तळाशी बेरी धरू लागली की ढवळत राहा. चरचर थांबली म्हणजे पाणी संपलं. बेरी फिकट बदामी असतानाच गॅस बंद करा. ती तपकिरी होईपर्यंत थांबलात तर तेलाला करपट वास येतो, तो नंतर जात नाही.

५. गाळून, पूर्ण गार झाल्यावर कोरड्या बाटलीत भरा. गरम तेल भरून झाकण लावलं की वाफेचं पाणी आत पडतं.

साठवण आणि थंडी

खोबरेल तेल २४-२५ अंश सेल्सियसच्या आसपास गोठतं. नाशिकमध्ये डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्याही खाली जातो आणि निफाडकडे त्याहून खाली, तेव्हा बाटली दगडासारखी होणारच. पावसाळ्याच्या गार रात्रींतही तेल अर्धवट कणीदार होतं. यात काही बिघडलेलं नसतं. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं उभी करा, नाहीतर हिवाळ्याआधीच तेल रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत काढून ठेवा आणि कोरड्या चमच्याने घ्या. प्लॅस्टिकची बाटली गॅसजवळ ठेवू नका.

तेल बिघडतं ते मुख्यतः पाण्यामुळे. ओला हात, ओला चमचा, न्हाणीघरातली दमट फळी, या तिन्हींतून पाणी आत जातं. पाण्यामुळे तेलातलं मुख्य स्निग्धाम्ल, लॉरिक आम्ल, सुटं होतं आणि तेलाला साबणासारखी चव येते. जिभेच्या टोकावर थेंब ठेवला आणि घशाशी साबण लागला की ते तेल खाण्यातून बाद. लावायचंही नको, त्वचेला चुरचुरतं. डोक्याची बाटली आणि खायची बरणी कायम वेगळी ठेवा.

केसांना

या कामात खोबरेल तेलाची बरोबरी करणारं तेल कमी. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू सरळ आणि लहान, म्हणून तो केसाच्या आत शिरतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतल्या संशोधकांच्या तुलनेत खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांपैकी फक्त खोबरेलाने केसांतून होणारी प्रथिनांची गळती लक्षणीय कमी केली. धुण्याआधी लावलं तेव्हा गुण सर्वांत जास्त दिसला. केस पाण्याने फुगतो आणि वाळताना आकसतो, तसं सतत होत राहिलं की तो झिजतो. आत शिरलेलं तेल हे फुगणं कमी करतं.

म्हणून लावायचं ते न्हाण्याआधी. खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे १० मिली, पुरतं. कमरेपर्यंतच्या केसांना तीन-चार. तेल हाताच्या तळव्यावर पसरून आधी मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावा. जुनी, सर्वांत झिजलेली बाजू तीच. उरलेलं मुळांना. अर्धा-एक तास पुरे. रात्रभर ठेवलं तरी चालतं, पण उशीला जुना टॉवेल घाला, नाहीतर कपाळावर पुटकुळ्या येतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाने धुतलं तर तेल आणि साबणाचा चिकट राप केसांवर बसतो, तिथे सौम्य शाम्पू वापरा.

तेलाने नवे केस उगवत नाहीत. तुटणं कमी होतं म्हणून केस दाट दिसतात. भांग रुंद होत असेल किंवा झुबकेच्या झुबके गळत असतील तर तेल बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

कोंड्याचं नीट बघा. कोरडा, भुरभुर पडणारा कोंडा तेलाने दबतो. पण टाळूवर पिवळट, चिकट खपले आणि लाली असेल तर तेल थांबवा. तो मॅलॅसेझिया नावाच्या बुरशीचा त्रास असतो आणि तेलातल्या स्निग्धाम्लांवर ही बुरशी पोसते. तिथे कीटोकोनाझोलसारखा औषधी शाम्पू लागतो. घरोघरी ‘कोंडा झालाय, तेल चोपड’ हाच सल्ला मिळतो आणि त्रास वाढत जातो.

अंगाला

आंघोळीनंतर अंग टिपून, त्वचा ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत तेल लावा. कोरड्या ठणठणीत त्वचेवर ते नुसतं वर बसतं. ओलसर त्वचेवर लावलं की आतली ओल धरून ठेवतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला १० ते १५ मिली पुरे. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून दोन दिवस पाहा.

मुलांच्या कोरड्या इसबावर याचा चांगला पुरावा आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या फिलिपिन्समधल्या प्रयोगात ११७ मुलांपैकी निम्म्यांना व्हर्जिन खोबरेल आणि निम्म्यांना खनिज तेल ८ आठवडे लावलं. आजाराचा गुणांक खोबरेलाने सरासरी ६८ टक्के उतरला, खनिज तेलाने ३८ टक्के. इसब सौम्य ते मध्यम होतं, हे लक्षात ठेवा. पाणी सुटलेल्या, पू झालेल्या इसबावर तेल नको.

द्राक्षबागेत, कांद्याच्या खळ्यावर उभं राहून काम करणाऱ्यांच्या टाचांना थंडीत खोल भेगा पडतात. पाय १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, मेलेली कातडी हलक्या हाताने घासा, टिपा, तेल चोळून सुती मोजे घालून झोपा. आठवडाभर रोज केल्यावर फरक दिसतो. मधुमेह असेल तर पायाच्या बोटांच्या बेचक्यांत तेल लावू नका, तिथे ओल राहून बुरशी येते. आणि भेगेतून रक्त आलं तर घरी प्रयोग न करता पाय डॉक्टरांना दाखवा.

तोंडावर मुरमं येत असतील तर चेहऱ्याला लावू नका, हे तेल रंध्रं बुजवतं. उन्हापासून संरक्षण म्हणून तर नाहीच. भाजल्यावर लगेच तेल लावणंही चूक: ताज्या भाजलेल्या जागेवर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बाकी काही नाही. आणि लॅटेक्सच्या निरोधबरोबर कुठलंच तेल वापरू नका, निरोध फाटतो.

तान्ह्या बाळाला हलक्या हाताने मालिश करायला खोबरेल चांगलं. पण नाकात आणि कानात थेंब सोडणं आजपासून बंद करा. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतं, खोकून बाहेर पडत नाही आणि त्यातून न्यूमोनिया होतो. आजी किंवा मालिशवाल्या बाई आग्रह धरतील. त्यांना हेच कारण शांतपणे सांगा आणि टाळूला हात फिरवण्याइतकं तेल देऊन त्यांचा मान राखा. तेलाची गुळणी मुलांना करायला देऊ नका, त्याचंही कारण हेच. मोठ्यांनी केली तर हरकत नाही, मात्र ती दात घासण्याऐवजी नव्हे. थुंकायचं ते कचऱ्याच्या डब्यात, बेसिनमध्ये नाही. थंडीत नळीत गोठून ती तुंबते.

ताटात

आता हिशेब. खोबरेल तेलात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त स्निग्ध (सॅच्युरेटेड फॅट) असतं. शेंगदाणा तेलात २० टक्क्यांच्या आत. पोह्याच्या एका मोठ्या चमच्यात १४ ग्रॅम तेल मावतं: १२० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम संपृक्त स्निग्ध. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्के, म्हणजे दिवसाला २,००० किलोकॅलरी खाणाऱ्याला २२ ग्रॅम.

हे २२ ग्रॅम नाशिकच्या ताटात तेल बदलण्याआधीच कसे संपतात ते पाहा. काळ्या वाटणात किंवा मिसळीच्या रश्श्यात भाजलेलं सुकं खोबरं असतं. माणशी १५ ग्रॅम खोबरं धरलं तर त्यातून साडेआठ ग्रॅम संपृक्त स्निग्ध येतं. वर तरंगणाऱ्या तर्रीतही खोबऱ्याचं तेल उतरलेलं असतं. मोठा कप, २०० मिली, फुल क्रीम दूध प्यायलं तर आणखी ८. वरणभातावर आणि पोळीवर मिळून दोन चहाचे चमचे तूप म्हणजे ६. झाले साडेबावीस. यावर उपाशीपोटी एक मोठा चमचा खोबरेल म्हणजे मर्यादेच्या दीडपट. ज्यांच्या घरी रोज खोबऱ्याचं वाटण होतं, त्यांनी खोबरेल तेल ‘नव्याने सुरू’ करायची गरजच नाही, ते आधीपासून पोटात जातंय.

वापरायचंच असेल तर असं वापरा. माणशी दिवसाला एक चहाचा चमचा, आणि त्या दिवशी तूप तेवढं कमी. ओल्या खोबऱ्याच्या चटणीवर, उकडलेल्या भाज्यांवर, अवियलसारख्या भाजीवर गॅस बंद केल्यावर वरून सोडा. चमचाभरात पूर्ण वास येतो. व्हर्जिन तेल १७५ अंशांच्या आसपास धुरावू लागतं, त्यामुळे तापलेल्या कढईत मोहरी तडतडवायला ते वाया घालवू नका. फोडणीला शेंगदाणा किंवा करडईच चांगलं. तळण रिफाइंड खोबरेलात टिकाऊ होतं हे खरं, पण तळणीचं सगळं संपृक्त स्निग्ध पुरीत-भजीत जातं, म्हणून रोजच्याला नको.

घरचं सगळंच तेल बदलून फक्त खोबरेल ठेवू नका. त्यात लिनोलिक आम्ल (ओमेगा-६) जेमतेम २ टक्के आणि ओमेगा-३ जवळजवळ शून्य. ही दोन्ही शरीर स्वतः बनवू शकत नाही. जवसाची चटणी ताटात ठेवा, ओमेगा-३ तिच्यातून मिळेल. एकूण तेलाचंही माप असू द्या: बैठं काम करणाऱ्या चार मोठ्या माणसांना सगळी तेलं-तूप मिळून महिन्याला साधारण ३ लिटर पुरतं. वाण्याच्या बिलावर ५ लिटर येत असेल तर कुठलं तेल चांगलं, हा प्रश्न नंतरचा.

कोलेस्टेरॉल आणि बाकीचे दावे

२०२० साली ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात १६ प्रयोगांचा एकत्र अभ्यास आला. सूर्यफूल-सोयाबीनसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, दर डेसिलिटर रक्तामागे सरासरी सुमारे १० मिलिग्रॅमने आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढलं. एचडीएलची वाढ दाखवून तेल विकलं जातं. पण औषधांनी एचडीएल वाढवून हृदयविकार कमी झालेला नाही, आणि एलडीएल कमी केल्याने तो नक्की कमी होतो. दुसरी बाजूही सांगायला हवी: कोचीत २०० हृदयरुग्णांना दोन वर्षं खोबरेल किंवा सूर्यफूल तेल देऊन पाहिलं, त्यात फरक पडला नाही. पण त्या रुग्णांवर नेहमीचे औषधोपचार चालू होते, त्यावरून औषध न घेणाऱ्याने निश्चिंत होऊ नये.

वजन उतरवण्याचा दावा ‘एमसीटी’, म्हणजे मध्यम साखळीच्या स्निग्धाच्या, तेलावरून उचललेला आहे. ते तेल ८ आणि १० कार्बनांच्या स्निग्धाम्लांचं असतं. खोबरेलातलं मुख्य लॉरिक आम्ल १२ कार्बनांचं, आणि शरीरात ते बरंचसं लांब साखळीच्या स्निग्धासारखंच वागतं. थायरॉइड, मधुमेह, स्मृतिभ्रंश यांवर खोबरेल तेल उपचार म्हणून चालतं याला भरवशाचा पुरावा नाही. कुठलीही गोळी त्यासाठी बंद करू नका.

तरीही रोज खायचं ठरवलंच असेल तर मोजून पाहा. सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करा, दिवसाला एक चहाचा चमचा हे माप धरा, बाकीचं जेवण बदलू नका, आणि १० ते १२ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, तेवढेच तास उपाशी राहून पुन्हा करा. एलडीएल १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त वर गेलं असेल तर बरणीतलं उरलेलं तेल केसांना लावा. आधीच एलडीएल वाढलेलं असेल, हृदयविकार असेल किंवा घरात कमी वयात झटका येऊन गेला असेल, तर हा प्रयोग करूच नका.